बसऱ्याला निघालेल्या केळीची ओटी

या, असे जवळ सरकून बसा. लांबून माझा आवाज ऐकू यायचा नाही, आणि ओरडायची माझी सगळी ताकद केळीच्या शेडमध्ये संपली. पण बसण्याआधी एक सांगा, आज घरातली केळी फ्रिजमध्ये कुणी ठेवली? खाली बघू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी ठेवलीत, मला ठाऊक आहे. माझी सून शाळेत शिकवते, पण तीसुद्धा ठेवते. अहो, केळीला थंडी बाधते. साल काळी पडते आणि आतला गर रुसल्यासारखा कच्चाच राहतो. मग तुम्हीच म्हणता, "हल्लीच्या केळ्यांना चव राहिली नाही." चव होती हो, तुम्ही ती गारठवून मारली.

रागावू नका. ऐंशीवं लागलंय मला. एवढं बोलायचा हक्क केळीनंच मला दिला.

मी शाळा पाहिली ती बाहेरून. माहेर जामनेरकडचं, कापसाचं. लग्न होऊन रावेरच्या बाजूला आले तेव्हा केळीचं झाड पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. आमची जमीन थोडी, म्हणून निंभोरा स्टेशनाजवळच्या शेडमध्ये केळी भरायच्या कामाला लागले. आमच्या भागातल्या बागायतदारांनी मिळून ती शेड घातली होती. बैलगाड्यांनी घड यायचे, ते वाघिणींत, म्हणजे मालगाडीच्या डब्यांत, भरायचे, आणि वाघिणी दिल्लीला जायच्या. वाघिणींत पानांच्या जोडीला जुनी वर्तमानपत्रंही घालायला लागायची. ती भरता भरता मी अक्षरं ओळखायला लागले. माझी पहिली ओळ मी केळीच्या चिकानं माखलेल्या बोटानं वाचली. ती जाहिरात होती, केसांच्या तेलाची. पुढे मी तिथली मुकादमीण झाले, म्हणजे वीस बायकांची अक्का. वयानं मोठ्या बायकासुद्धा अक्काच म्हणायच्या.

चीक म्हणजे काय ते सांगते. कापलेल्या केळीतून पाण्यासारखा पांढुरका रस गळतो. अंगावर पडला तेव्हा काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिथं तपकिरी डाग, तिसऱ्या दिवशी काळा, आणि तो डाग लुगडं फाटेल तेव्हाच जातो. आमच्या गावात बाई कोणत्या कामाला जाते हे विचारावं लागत नसे, पदर बघितला की झालं.

आता या धंद्यातली मुख्य गोष्ट ऐका. केळ झाडावर पिकू द्यायचं नसतं. ते हिरवंच कापायचं, पण किती हिरवं, ते कुठे जायचं आहे त्यावर. आमच्याकडे त्याचा हिशेब आण्यांत असायचा. गावात खायचं तर सोळा आणे भरू द्या. दिल्लीला जायचं तर चौदा आणे. त्याहून लांब, तर बारा. आता हे आणे ओळखायचे कसे? कोवळ्या केळाला कडा असतात, आम्ही त्यांना धारा म्हणतो. त्या हाताला टोचतात. केळ भरत जातं तशा धारा बोथट होतात, केळ गोल होत जातं. आणा-दोन आण्यांचा फरक डोळ्याला दिसत नाही. तो बोटाला कळतो. सगळ्यांच्या नाही, एखाद्याच्याच.

आमच्याकडे तो एखादा म्हणजे दौलतआबा. पन्नाशी उलटलेला, बारीक, काटक माणूस. आबा बागेत शिरायचे, घडाजवळ जायचे आणि मधल्या फणीतल्या एका केळावरून अंगठा ओढायचे. वरून खाली, एकदाच. की विळा चालला. दुसऱ्यांदा अंगठा लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकदा दिल्लीचा एक व्यापारी माल कसा कापतात ते बघायला आला. चांगला गब्बर, जरीची टोपी. बागेच्या कडेला उभा राहून म्हणाला, "सीढ़ी कहाँ है?" आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बुटक्या केळीकडे पाहिलं. घड त्याच्या कमरेला लागत होता. आबा म्हणाले, "शेट, शिडी कायले? बसाले पाट आणू का?" दिल्लीवाला मोकळा माणूस होता, पोट धरून हसला. नंतर दर दिवाळीला आबांना पत्र लिहायचा, त्यात एक ओळ ठरलेली: पाट तयार ठेवा.

तर ही बसऱ्याची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस. शेडचा कारभार बघायचे ते नाना, बागायतदारच, पण इंग्रजी चार बुकं शिकलेले आणि गुजराती फाडफाड वाचणारे. ते मुंबईहून आले आणि आम्हां सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आपली केळी आता समुद्रापलीकडे इराकला जाणार. बसऱ्याला. शंभर पेट्या मागितल्यात, नमुन्याला म्हणून. आवडल्या तर दर पंधरा दिवसांनी बोट भरून."

आमच्या केळीच्या जातीचं नाव बसराई. त्यामुळे कुणीतरी लगेच म्हणालं, "नाना, म्हणजे ही माहेरी चालली का?" नाना म्हणाले, "ती कुठून आली मला ठाऊक नाही. परत येऊ नये म्हणजे झालं."

मला मात्र त्या दिवसापासून झोप गोड लागेना. नुसते प्रश्न. बसरा कुठं आहे? तिथं पाऊस पडतो का? तिथल्या बायका केळं सोलून खातात की कापून? भाजी करतात का? तोवर माझी केळी दिल्लीला जात होती, पण दिल्ली आपलीच. तो बसऱ्याचा माणूस मात्र माझी भाषा बोलणारा नव्हता, माझा देव त्याचा नव्हता, आणि मी हातानं भरलेली फणी तो हातात घेणार होता. नानांना मी इतकं विचारलं की ते म्हणाले, "अक्का, तुलाच पेटीत घालून पाठवतो. बघून ये."

नेहमीचा माल सबंध घडानं जायचा, पण हा पेटीनं जाणार होता. म्हणून सगळी रीत नवीन. आबांनी बाग निवडली, बारा आण्यांवर कापणी केली. घड जमिनीला टेकू द्यायचा नाही. एकानं कापायचा, दुसऱ्यानं खांद्यावर पानांची चुंबळ ठेवून झेलायचा. शेडमध्ये आम्ही फण्या उतरवायच्या, पालथ्या ठेवून चीक गळू द्यायचा, तुरटीच्या पाण्यातून काढायच्या, सावलीत सुकवायच्या, आणि मग लाकडी पेटीत कागद, वाळलेली केळीची पानं, फणी, पुन्हा पानं. पेटी हलवली तर आत काहीही हलता कामा नये. पेटीवर आकडा मी घालायची. पत्र्यात कोरलेले आकडे होते, वर काळा रंग फिरवायचा. इंग्रजी आकडे मला त्यानंच आले.

आणि पेट्या झाल्या एकशे एक. मागितल्या होत्या शंभर, पण शुभकामाला शून्यावर कोण थांबतं? नानासुद्धा काही बोलले नाहीत.

झाकणं ठोकायच्या दिवशी जिजा माझ्याजवळ आली. जिजा धुळ्याकडची, आमच्यात लग्न होऊन आलेली, पण बोलणं शेवटपर्यंत अहिराणी. पदराखाली काहीतरी घेऊन आली होती. म्हणाली, "पोर सासरले चालनी ना व माय. तिनी वटी रिकामी कशी धाडतस?"

पदराखाली तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या आणि कुंकवाची पुडी.

मला ते इतकं पटलं! आम्ही वाढवलेली, न्हाऊमाखू घातलेली पोर एवढ्या लांब निघालेली, आणि तशीच पाठवायची? पण एकशे एक ओट्या कुठून भरणार? म्हणून आम्ही पाच पेट्या धरल्या. पाचवी, अकरावी, एकविसावी, एकावन्नावी आणि एकशे एकावी. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

आता ओटीत फळ लागतं. आणि इथं माझी हुशारी आडवी आली. जिजा म्हणत होती, सुपारी आहे, तेच फळ. मी म्हटलं, "अगं, तो बसऱ्याचा माणूस पेटी उघडेल, तेव्हा आत सगळं हिरवं. खाऊन बघायला एक तरी तयार नको? पाहुण्याच्या हातात कच्चं द्यायचं का?" आणि मी घरून आणलेली पिकलेली पाच केळं, सोन्यासारखी पिवळी, एकेका पेटीत मधोमध ठेवली. वर पानं घातली. झाकणं ठोकली.

तुमच्यातल्या जाणत्या बायका आता कपाळाला हात लावतील. लावा. मलाही ठाऊक होतं हो! घडात एक केळ पिकलं की बाकीची घाई करतात, हे केळीच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते ज्ञान घरातलं. ओटी भरताना बाईचं डोकं देवघरात असतं, कोठीच्या खोलीत नसतं. शिवाय दिल्लीची वाघीण हवेशीर, चार दिवसांत पोचणारी. बंद पेटी, तीही बोटीच्या पोटात इतके दिवस, हे आम्ही कधी केलंच नव्हतं.

पेट्या गेल्या. मी दिवस मोजत बसले. स्टेशनावर जो भेटेल त्याला विचारायची, समुद्र बघितलाय का? एका गार्डानं सांगितलं, समुद्र म्हणजे पूर आलेली तापी, फक्त पलीकडचा काठ नाही. मी रात्रंदिवस त्या काठ नसलेल्या तापीवर माझ्या पेट्या तरंगताना बघत होते.

महिन्याभरानं मुंबईच्या आडत्यांचं पत्र आलं. नानांनी शेडमध्ये उभं राहून वाचलं. त्यांचा आवाज वाचता वाचता खाली गेला. माल निम्म्याहून जास्त बोटीतच पिकला. बराचसा तिथल्या नदीत टाकावा लागला. पेट्या नंबर पाच, अकरा, एकवीस, एकावन्न आणि एकशे एक यांतला माल तर काळा चिखल झाला होता. त्यांच्या आजूबाजूच्या पेट्या पिवळ्या, आणि लांबच्या मात्र हिरव्यागार, उत्तम. पत्राच्या शेवटी असं की, तुमचा कापणारा माणूस बारा आण्यांच्या मालात सोळा आण्यांचे घड मिसळतो आहे. माणूस बदला, नाहीतर आम्ही माल दुसरीकडून घेऊ.

ते पाचही नंबर ओटीचे. एकेक आकडा मी माझ्या हातानं रंगवला होता. मी जिजाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच होती.

नाना पत्र घडी करत म्हणाले, "आबा, काय सांगू मी यांना?"

आबा दाराजवळ उकिडवे बसले होते. म्हणाले, "मी मिसळले नाही."

"मग हे कसं झालं?"

"मले नाही माहीत. मी मिसळले नाही."

"डोळ्यांना कमी दिसतं का हल्ली? तसं असेल तर तसं सांगा. वय होतंच माणसाचं."

आबांनी उजवा हात वर केला, अंगठ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तो अंगठा चिकानं इतका काळा झालेला होता की जळल्यासारखा दिसायचा. मग उठले, विळा शेडच्या खुंटीला अडकवला आणि घरी गेले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. जिजानं माझं मनगट धरलं. "गप बठ व माय. सांगशी ते बठ्ठ्या बायास्नी रोजी जाई." आणि सगळ्या बायकांची रोजी जाईल, हे खोटं नव्हतं. ओटीला सगळ्याच जणी होत्या. कुणी तांदूळ आणलेले, कुणी कुंकू. शेडमध्ये बायका नकोतच असं म्हणणारे बागायतदार होते, त्यांना हे आयतं मिळालं असतं. मी गप्प बसले.

पण गप्प बसून मन थोडंच बसतं? दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरावरून गेले. आबा परसात त्यांच्याच दोन-चार केळींपाशी उभे होते. एका घडावर अंगठा ओढला. थांबले. पुन्हा ओढला. मग दुसरं केळ, मग पहिल्यावर परत. डोळे मिटून, मग उघडून. मी कुंपणाआडून बघत होते. नोकरी जाणं मी पाहिलं होतं, माझ्या नवऱ्याचीच गेली होती एकदा. पण माणसाच्या हातातून त्याची विद्या अशी गळताना कधी पाहिली नव्हती.

तरी मी लगेच सांगायला गेले नाही. मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करून घेऊ. पाच केळ्यांनी एवढा माल पिकेल? कदाचित बोटीत उष्णता असेल. कदाचित समुद्राची हवा. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, हेही खरं. आणि मला घाबरायला वेळ हवा होता, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच पदरात बांधलेलं होतं.

मी शेडमधल्या दोन मोडक्या पेट्या मागून आणल्या, ठोकून नीट केल्या. आमच्या बागेतला एकच घड उतरवला. एकच, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा कोवळा नि तो जून. त्याच्या फण्या दोन्ही पेट्यांत वाटून घातल्या. तसेच कागद, तशीच पानं. एका पेटीत मधोमध एक पिकलेलं केळ. ती आमच्या कोठीच्या खोलीत ठेवली. दुसरी नुसती, ती शेजारी जिजाकडे. झाकणं ठोकली आणि बसले.

दिवसातून चारदा मी पेटीला नाक लावायची. माझे मालक वरणगावच्या बाजाराहून आले, मला पेटीला टेकून बसलेली बघून म्हणाले, "काय व, खुडूक बसली का? पिल्लं निघाली म्हणजे सांग, एखादं मले दे."

मी म्हटलं, "निघाली तर तुम्हाले तोंड दाखवायची लाज वाटीन, अशी पिल्लं आहेत."

पाचव्या दिवशी फटीतून वास आला. गोड, जड वास. सहाव्या दिवशी तो अंगणात आला. आठव्या दिवशी मी झाकण काढलं. मधलं केळ काळं, पाणी सुटलेलं. त्याला लागलेल्या फण्या मऊ. कोपऱ्यातल्यासुद्धा पिवळ्या. मग जिजाकडे गेले, तिची पेटी उघडली. सगळी हिरवी. धारा हाताला टोचत होत्या.

जिजानं दोन्ही पेट्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माय व! आपलाच हात का?"

"आपलाच नाही. माझा. तू तर सुपारीच म्हणत होतीस."

ती म्हणाली, "चाल. गाडी जुपाले सांग. एकली नको जाऊ."

आम्ही दोन्ही पेट्या बैलगाडीत घातल्या आणि शेडवर नेल्या. बायका कामावर होत्या, नाना होते, दोन-तीन बागायतदार गप्पा मारत बसले होते. मी म्हटलं, आबांना बोलवा. कुणीतरी गेलं. आबा आले, पण आत येईनात, उंबऱ्यावर थांबले. मी पेट्या सगळ्यांच्या मधे ठेवल्या, झाकणं काढली आणि सांगितलं. ओटी, पाच नंबर, पिकलेली केळं, हा घड, हे आठ दिवस. बोलताना मी नानांकडे बघत होते. आबांकडे बघवत नव्हतं.

नाना लाल झाले. "ओटी? अक्का, ओटी? व्यापार आहे हा! एवढा माल नदीत गेला, आपलं नाव गेलं, आणि तुम्ही बायकांनी ओटी भरली?"

एक बागायतदार म्हणाला, "मी सांगतच होतो, बाईमाणूस या कामात..."

तेवढ्यात जिजा पुढे झाली. "तुमनी पोर सासरले गयी तवय वटी भरी का नही, भाऊ? का ते बी यापार व्हता?" शेडमधल्या सगळ्या बायका हसल्या. खरं तर त्या भाऊंनाही हसू येत होतं.

आबा मग हळूहळू आत आले. दोन्ही पेट्यांजवळ बसले. हिरव्या पेटीतलं एक केळ घेतलं, अंगठा ओढला. म्हणाले, "बारा." पिवळ्या पेटीतलं घेतलं, नुसतं हातात धरलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आठ दिवस, अक्का?"

"चुकलं, आबा."

"ओटी भरली ते चुकलं नाही. केळ घातलं तेही होते माणसाकडून. पण तू आठ दिवस या पेट्यांले इचारत बसली. मले येऊन इचारलं असतं, आबा, बंद पेटीत पिकलं केळ ठेवलं तर काय होईन? मी उभ्या उभ्या सांगतलं असतं. आठ दिवस तू पेट्यांवर भरोसा ठेवला. माझ्यावर नाही."

ते खरं होतं.

आबांनी ते पिवळं केळ सोललं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं जिजाला दिलं. "गोड आहे," म्हणाले. उठून खुंटीवरचा विळा काढला, धार बघितली. जाता जाता नानांना म्हणाले, "पुढच्या पेट्या अक्कानंच भराव्या. एवढी मोठी चूक केलेली बाई दुसरी चूक करत नाही. नवीन आणाल तर ती पहिलीपासून सुरू करीन."

म्हणून माझी मुकादमी राहिली. बायकांची रोजीही राहिली.

नाना मनानं मोठे. त्यांनी मुंबईला आणि थेट बसऱ्याच्या व्यापाऱ्यालाही गुजरातीत पत्र लिहून सगळं खरं खरं कळवलं. दोष कापणाऱ्याचा नाही, असं पहिल्याच ओळीत लिहा म्हणून मी त्यांच्यापुढे बसूनच होते. बसऱ्याच्या व्यापाऱ्याकडे एक गुजराती मुनीम होता. व्यापाऱ्यानं सांगितलेलं, त्याच्या हातचं उत्तर आलं, ते नानांनी आम्हांला वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी मला समुद्राचा पलीकडचा काठ दिसला.

त्यात असं होतं: पाच पेट्यांत तांदूळ, लाल भुकटी आणि कडक गोल बी निघाली, ती काय असावी यावर आमच्याकडे महिनाभर वाद चालला होता. कुणी म्हणालं किडीचं औषध आहे. कुणी म्हणालं, तराजू फसवायला घातलं आहे. मुनिमाला विचारलं तर तो म्हणाला, मी सांगतो पण तुम्हाला खरं वाटणार नाही. आता तुमच्या पत्रानं खरं वाटलं. माझी आई म्हणते, आमच्याकडेही घरातून कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या मागे पाणी ओततात, म्हणजे तो सुखरूप जातो आणि परत येतो. तेव्हा त्या बायकांना सांगा, पुढच्या वेळी पाणी ओता. पण बाहेर. पेटीत नको.

शेडमध्ये इतकं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. जिजा तर डोळे पुसत होती. म्हणाली, "त्यानी मायले सांगा, बाई शानी शे."

दुसऱ्या पेट्या निघाल्या तेव्हा वाघिणीचं दार लागलं, गाडी हलली, आणि जिजानं रुळांजवळ तांब्याभर पाणी ओतलं. स्टेशनमास्तर धावत आले, "काय करताय, काय सांडलं?" त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. पेट्या हिरव्यागार पोचल्या. एकशे एकच्या एकशे एक. त्यानंतर तीन-चार थंड्या आमची केळी बसऱ्याला गेली, आणि प्रत्येक वेळी तांब्या रिकामा झाला. पुढे ते बंद पडलं. का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही. मी विचारलं मात्र पुष्कळ.

आता शिकलेली नातवंडं सांगतात की पिकलेल्या फळातून कसलासा वायू निघतो, त्यानं बाकीची पिकतात. असेल. मला तो वायू आठ दिवस नाक लावून कळला होता. मुंबईला त्यासाठी म्हणे थंड खोल्या बांधल्यात, बटण दाबलं की आणे कमी-जास्त. चांगलंच आहे. पण त्या बटणाला वाईट वाटत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

कारण आबा त्यानंतर आणखी बारा-पंधरा वर्षं कापत होते. एकही घड चुकला नाही. पण मी सांगितलं होतं ना, एक वाक्य लक्षात ठेवा म्हणून? त्या पत्रानंतर आबा प्रत्येक घडावर अंगठा दोनदा ओढायचे. एकदा ओढायचे, थांबायचे, आणि पुन्हा. लोकांना वाटायचं म्हातारा काळजीपूर्वक काम करतो. कौतुक करायचे. मला ठाऊक होतं तो दुसरा अंगठा कुणाचा. तो माझ्या आठ दिवसांचा होता. हे मी त्यांना कधी बोलले नाही आणि त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून इथं सांगून ठेवते.

चला, फार बोलले. तुम्ही असं करा, या थंडीत एकदा आमच्या गावी या. निंभोऱ्याला उतरा आणि अक्काचं घर कुठं म्हणून कुणालाही विचारा. फोन केला नाहीत तरी चालेल, मी असतेच. बागेत नेईन, घडावर तुमचाही अंगठा ओढून बघा, आणे ओळखता येतात का ते. जाताना लेकीसुनांची ओटी भरीन, तांदूळ, सुपारी, खोबरं, सगळं. पिकलेलं केळ मात्र हातात देईन, ते वाटेतच खायचं. बाकीच्या हिरव्या फणीजवळ ठेवायचं नाही. आणि तुमची गाडी हलली की मागे वळून बघू नका, मी रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतत असेन. ते कशासाठी, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. म्हणून लवकर या.